इंजिनाचा ठोका आणि मिजलीचे शिसे

जिवतीच्या चढावर तीन माणसे बसवलेली मोटारसायकल वरच्या गिअरमध्ये दामटली, की इंजिनातून टकटक असा धातूवर धातू आपटल्यासारखा आवाज येऊ लागतो. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात, कुणी नुसतेच इंजिन ठोकते आहे म्हणून सांगतात. गिअर खाली घेतला की आवाज थांबतो आणि चालवणारा तो विसरूनही जातो. या आवाजाने मात्र अमेरिकेतल्या एका इंजिनिअरच्या उमेदीची पाच-सहा वर्षे घेतली. त्यावर त्याने जो उपाय काढला, तो पुढची सत्तर वर्षे जगभरच्या मुलांच्या रक्तात उतरत राहिला. त्याचे नाव थॉमस मिजली.

त्याची गोष्ट कळायची तर हा ठोका नेमका कसला, ते आधी पाहायला हवे. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ एकत्र होते, पिस्टन ते मिश्रण दाबतो, मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत एका बाजूने दुसऱ्या बाजूकडे सरकत जाते. मिश्रण जितके जास्त दाबून पेटवावे, तितके त्याच पेट्रोलमधून जास्त काम निघते. म्हणजे ॲव्हरेज वाढवण्याचा सरळ मार्ग जास्त दाबण्याचा. अडचण अशी की दाबलेली हवा तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम लागते, तेच इथेही घडते. एका मर्यादेपलीकडे दाब नेला की ज्योत पोहोचण्याआधीच दूरच्या कोपऱ्यातले मिश्रण आपोआप, एकदम पेटते. पिस्टनला मिळायला हवा सलग रेटा, मिळतो हातोडीचा घाव. तो आवाज या घावाचा. तसेच चालवत राहिले तर पिस्टनला भोक पडू शकते.

टर्बोचार्जर किंवा सुपरचार्जर लावलेल्या इंजिनात हा प्रश्न दुप्पट होतो. टर्बोचार्जरमध्ये बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या झोतावर एक चक्र फिरते आणि ते ताजी हवा इंजिनात कोंबते. सुपरचार्जर तेच काम इंजिनाकडून शक्ती उसनी घेऊन करतो. दोन्हींत हवा सिलिंडरमध्ये शिरण्याआधीच दाबलेली आणि तापलेली असते. तरीही हल्ली एक लिटरचे तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन मोठ्या गाडीला बसवतात, ते इंधनासाठीच. मोठे पेट्रोल इंजिन सावकाश चालताना हवा अरुंद फटीतून ओढण्यातच बरीच शक्ती घालवते. लहान इंजिनात ही उधळपट्टी कमी होते आणि गरज पडली की टर्बो त्याला मोठ्याचे बळ देतो. हे गणित ठोक्यापाशी येऊन अडते. सुरजागडचे लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकनाही टर्बो असतो, पण ती डिझेल इंजिने. त्यांत आधी फक्त हवा दाबली जाते आणि इंधन शेवटच्या क्षणी फवारले जाते, म्हणून हा विशिष्ट आजार त्यांना होत नाही. तो पेट्रोलचा आजार आहे.

मिजलीचा जन्म १८ मे १८८९ रोजी पेनसिल्व्हानियातल्या बीव्हर फॉल्स या गावी झाला. घरात यंत्रांचे वेड पिढीजात होते. आईच्या वडिलांनी सुटे दात बसवता येणारी करवत शोधली होती आणि वडील गाड्यांच्या टायरवर काम करीत. मिजलीने १९११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. रसायनशास्त्र तो पुढे स्वतःच शिकला. त्याच्यातला जोर आणि उणीव दोन्ही यातून आली असावी. रसायनशास्त्रातल्या रूढ वाटा त्याला बांधत नव्हत्या. पण एखादा पदार्थ शरीरात गेला की काय करतो, हा प्रश्नही त्याच्या शिक्षणात कधी आलेला नव्हता. १९१६ मध्ये तो ओहायो राज्यातल्या डेटन शहरी चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाला.

केटरिंग म्हणजे मोटारीला सेल्फ स्टार्टर देणारा माणूस. त्यांची कंपनी शेतावर वीज पुरवणारे छोटे जनरेटर विकत असे. ते केरोसीनवर चालत आणि भयंकर ठोकत. प्रतिस्पर्धी आणि गिऱ्हाईक दोघेही केटरिंग यांच्या बॅटरी इग्निशनला दोष देत होते. दोष तिचा नाही, हे सिद्ध करायचे काम मिजलीकडे आले. त्याने सिलिंडरच्या आतला दाब टिपणारे उपकरण बनवले आणि ठोका ठिणगीनंतर येतो, म्हणजे तो इग्निशनचा नसून इंधनाच्या जळण्याचा दोष आहे, हे दाखवले. निदान अचूक होते. आजच्या टर्बो इंजिनाच्या ब्लॉकवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. तो स्टेथोस्कोपसारखा हा ठोका ऐकतो आणि ठिणगी क्षणभर मागे ढकलतो. त्यामागची समजूत मिजलीच्या त्या कामापर्यंत मागे जाते.

उपचार मात्र आधी चुकीच्या तर्कातून सुरू झाला. हिमाच्या खालीही फुलणाऱ्या एका रानवेलीची पाने मागून लाल असतात. तो लाल रंग उष्णता शोषून घेत असेल, तर केरोसीनला लाल रंग दिल्यास ते लवकर वाफ होईल, अशी कल्पना निघाली. प्रयोगशाळेत लाल रंग सापडला नाही, म्हणून मिजलीने आयोडीन टाकले. ठोका थांबला. मग खरे लाल रंग आणून टाकले, तर एकाचाही उपयोग झाला नाही. गुण रंगात नव्हता, आयोडीनमध्ये होता. आयोडीन महाग पडे आणि धातू कुरतडे, त्यामुळे ते बाद झाले. पण चिमूटभर काहीतरी मिसळून ठोका थांबवता येतो, एवढे नक्की झाले.

या शोधामागे मोठे कारणही होते. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतले भूगर्भशास्त्रज्ञ देशातले तेल काही दशकांत संपेल असा इशारा देत होते आणि मोटारी तर भराभर वाढत होत्या. त्याच तेलातून जास्त मैल काढायचे, तर इंजिन जास्त दाबाचे हवे, आणि त्यासाठी न ठोकणारे इंधन हवे. मिजलीची सुरुवात इंधन वाचवण्यापासून झाली, हे त्याच्यावर टीका करणारे बहुधा सांगत नाहीत.

पुढे जनरल मोटर्सने ही प्रयोगशाळा विकत घेतली आणि मिजलीच्या चमूने एकामागून एक पदार्थ तपासायला सुरुवात केली. ॲनिलीन चालले, पण त्याचा वास सहन होईना. सेलेनियम आणि टेल्युरियम त्याहून प्रभावी निघाले. टेल्युरियमचा लसणासारखा दर्प तर कपडे बदलून, आंघोळ करूनही काम करणाऱ्यांच्या अंगाला आठवडेच्या आठवडे चिकटून राही. अखेर मूलद्रव्यांचा तक्ता पुढे ठेवून, कोणत्या बाजूला सरकले की गुण वाढतो हे पाहत ते जड धातूंकडे वळले. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राइथाइल लेड हे शिशाचे तेलासारखे द्रव संयुग इंजिनात गेले आणि ठोका जागच्या जागी बंद पडला. गॅलनभर पेट्रोलला सुमारे तीन ग्रॅम पुरत होते.

आता या कथेतला सर्वांत महत्त्वाचा, आणि सहसा एका ओळीत उरकला जाणारा भाग. मिजलीला दुसरा उपाय माहीत होता. तो होता अल्कोहोल. अल्कोहोल दाबाखाली सहज ठोकत नाही आणि वाफ होताना आजूबाजूची उष्णता ओढून घेते, त्यामुळे सिलिंडर थंड राहतो. मिजलीने १९२० मध्ये अल्कोहोल आणि पेट्रोल यांच्या मिश्रणावर पेटंटसाठी अर्जही केला होता. शिशाचा शोध लागण्याच्या जेमतेम दोन महिने आधी, ऑक्टोबर १९२१ मध्ये, तो तीस टक्के अल्कोहोलच्या मिश्रणावर चालणारी जास्त दाबाची गाडी घेऊन डेटनहून इंडियानापोलिसला इंजिनिअरांच्या परिषदेला गेला होता.

मग ते मागे का पडले? अल्कोहोल कुणीही बनवू शकत होते. मका, ऊस, बटाटा, काहीही आंबवले की झाले. चैत्रात पहाटे गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात झाडाखाली सडा पडतो, त्या मोहफुलांतून निघतो तोही हाच रेणू. अशा वस्तूवर कुणाची मक्तेदारी चालत नाही. शिवाय ते दहा, वीस, तीस टक्के मिसळावे लागते, म्हणजे तितके पेट्रोल कमी विकले जाते. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती, तिचीही अडचण होती. लिटरमागे अल्कोहोलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते, हा आक्षेप तर खराच आहे. शिशाच्या बाबतीत एकही अडचण नव्हती. चिमूटभर पुरे, पेटंट हाती आणि प्रत्येक गॅलनवर नफा. निवड झाली ती हिशेबाच्या वहीवर. विषाचा रकाना त्या वहीत नव्हता.

२ फेब्रुवारी १९२३ रोजी डेटनच्या एका पंपावर ते पेट्रोल विक्रीला आले. नाव ठेवले एथिल. शिसे हा शब्द नावातून शिताफीने वगळला गेला. त्या वर्षी मे महिन्यात इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत पहिल्या तिन्ही गाड्या याच इंधनावर धावल्या आणि मागणी भडकली. ऑगस्ट १९२४ मध्ये जनरल मोटर्स आणि स्टँडर्ड ऑइल यांनी मिळून एथिल कंपनी स्थापन केली. केटरिंग अध्यक्ष झाले, मिजली उपाध्यक्ष.

खुद्द मिजली विक्री सुरू होण्याआधीच आजारी पडला होता. जानेवारी १९२३ मध्ये छातीच्या त्रासाने काम सोडून, मोकळ्या हवेसाठी त्याला फ्लोरिडा गाठावे लागले. वर्षभर शिशाच्या संगतीत राहिल्याचा हा परिणाम आहे, हे त्याला ठाऊक होते. शिसे विषारी आहे हे काही नवे ज्ञान नव्हते. रोमन लोकांनाही ते माहीत होते. पोटात मुरडा, बद्धकोष्ठ, पांढरे पडलेले अंग, हिरड्यांवर निळसर रेघ, मनगटातून लुळा पडलेला हात ही लक्षणे एकोणिसाव्या शतकातल्या वैद्यकाच्या पुस्तकांत आहेत. रंगारी, छापखान्यातले कामगार, बॅटरी बनवणारे यांच्यात डॉक्टर ती रोज पाहत. टेट्राइथाइल लेड तर याच्याही पुढचे. ते चरबीत विरघळते, धड त्वचेतूनही आत शिरते आणि थेट मेंदू गाठते. झोप उडते, भास होतात, माणूस बेभान होतो, आकडी येते.

१९२४ मध्ये हे सगळे दिसले. डेटनमध्ये दोन कामगार गेले. ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या बेवे येथील कारखान्यात काही दिवसांत पाच जण दगावले आणि तीसहून अधिक रुग्णालयात दाखल झाले. त्यांतल्या काहींना बांधून ठेवावे लागले. त्याच राज्यातल्या डीपवॉटरच्या कारखान्यात कामगार हवेत नसलेली फुलपाखरे हाताने हाकलीत. तीन ठिकाणी मिळून किमान पंधरा माणसे मेली. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आणि न्यू जर्सीने या पेट्रोलवर बंदी घातली.

३० ऑक्टोबर १९२४ रोजी मिजली न्यूयॉर्कमध्ये पत्रकारांसमोर उभा राहिला. त्याने तो द्रव हातावर ओतून घेतला, मग मिनिटभर बाटली नाकाशी धरून हुंगली आणि रोज असे केले तरी आपल्याला काही होणार नाही असे सांगितले. आदल्याच वर्षी याच पदार्थापायी आजारी पडलेला माणूस हे करीत होता. तो खोटे बोलत होता की स्वतःचीच समजूत घालत होता? बहुधा दुसरे. स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्याची त्याला सवयच होती. एकदा डोळ्यात धातूचे बारीक कण शिरले, तेव्हा त्याने डोळा शुद्ध पाऱ्याने धुऊन ते काढले, असे त्याच्याबद्दल सांगतात. अशा माणसाला धोका हा शौर्याचा विषय वाटतो. पण एका तगड्या प्रौढाने मिनिटभर हुंगणे आणि शाळेच्या रस्त्यावरच्या मुलाने दहा वर्षे थोडे थोडे आत घेणे, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. हे त्याला कळायला हवे होते.

कळलेली माणसे होती. २० मे १९२५ रोजी अमेरिकेच्या सर्जन जनरलने वॉशिंग्टनमध्ये परिषद बोलावली. हार्वर्ड विद्यापीठातल्या पहिल्या महिला प्राध्यापक डॉ. ॲलिस हॅमिल्टन तिथे होत्या. शिशाच्या कारखान्यांत फिरून, कामगारांच्या घरी जाऊन त्यांनी हा आजार वर्षानुवर्षे अभ्यासला होता. येल विद्यापीठाचे शरीरशास्त्रज्ञ यांडेल हेंडरसन होते. कारखान्यातले कामगार तुम्ही सांभाळाल, पण गाडीच्या धुरातून रस्त्यावर पडणाऱ्या शिशाचे काय, हा त्यांचा मुद्दा होता. ते हळूहळू साचेल आणि लक्षात येईल तेव्हा उशीर झालेला असेल. समोरच्या बाजूने डॉ. रॉबर्ट कीहो उभे होते. अपाय सिद्ध करून दाखवा, मग थांबवू, असा त्यांचा पवित्रा होता. इथे पारडे फिरले. औषध बाजारात आणणाऱ्याने ते निर्धोक असल्याचे दाखवावे लागते, पण या विषाच्या बाबतीत ज्यांना ते बाधणार होते, त्यांच्यावर पुराव्याचे ओझे पडले.

सरकारने सात तज्ज्ञांची समिती नेमली. तिने काही महिन्यांत गॅरेज कामगार आणि वाहनचालक मिळून सुमारे अडीचशे माणसे तपासली आणि जानेवारी १९२६ मध्ये बंदीला पुरेसे कारण नसल्याचे कळवले. पुढे अभ्यास चालू ठेवावा, असेही समितीने म्हटले होते. तो अभ्यास पुढची चाळीस वर्षे बव्हंशी उद्योगाच्या पैशावर डॉ. कीहो यांनीच केला. शिसे प्रत्येकाच्या शरीरात असतेच, म्हणून ते नैसर्गिक आहे, असा त्यांचा सिद्धान्त. तुलनेसाठी त्यांनी मेक्सिकोतल्या एका खेड्यातली, मोटारींपासून दूरची माणसे घेतली. ती माणसे जेवत होती शिशाचा लेप दिलेल्या मातीच्या भांड्यांत. तुलनेचा गट असा निवडला तर कोणतेही विष निर्धोक ठरते.

इंजिनाच्या बाजूने पाहिले तर शिशाने दिलेला शब्द पाळला. १९२० च्या सुमारास मोटारींचे कॉम्प्रेशन चारास एकच्या आसपास होते. १९६० पर्यंत ते नऊ-दहावर गेले. खरी कमाल आकाशात झाली. उंचावर हवा विरळ होते, इंजिनाला धाप लागते, म्हणून लढाऊ विमानांना सुपरचार्जर लावत. १९४० मध्ये ब्रिटनवरच्या हवाई लढाईआधी स्पिटफायर आणि हरिकेन विमानांना शंभर ऑक्टेनचे, शिसे घातलेले पेट्रोल मिळू लागले. तेच मर्लिन इंजिन, त्यात सुपरचार्जरचा जादा दाब चौरस इंचाला सहावरून बारा पौंडांवर नेता आला आणि कमी उंचीवर शक्ती सुमारे १०३० वरून १३०० अश्वशक्तीवर गेली. ऑक्टेन म्हणजे न ठोकता दाब सोसण्याची इंधनाची ताकद. हे माप १९२६ मध्ये एथिल कंपनीतच ग्रॅहॅम एडगर यांनी ठरवले आणि पंपावर ते आजही तसेच वापरतात.

एक बारीक गोष्ट इथे सांगायलाच हवी. नुसते शिसे टाकले तर त्याची राख झडपांवर आणि प्लगवर जमून इंजिन खराब होई. म्हणून त्यात ब्रोमीनचे संयुग मिसळले, त्यामुळे शिसे वायुरूप होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडू लागले. इंजिन स्वच्छ राहावे यासाठी विष मुद्दाम हवेत सोडण्याची ही व्यवस्था होती. औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांखाली राहणाऱ्या चंद्रपूरकरांना हा न्याय वेगळा समजावून सांगायला नको.

एथिलनंतर मिजली शीतकपाटांकडे वळला. तेव्हाच्या फ्रिजमध्ये अमोनिया किंवा सल्फर डायऑक्साइड वापरत. नळी फुटली की घरातली माणसे मरत. १९२८ मध्ये अल्बर्ट हेन आणि रॉबर्ट मॅकनेरी या सहकाऱ्यांबरोबर त्याने थोड्याच दिवसांत एक वायू शोधला, तो पुढे फ्रिऑन नावाने विकला गेला. न जळणारा आणि न बाधणारा. १९३० मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत त्याने तो छातीत भरून घेतला आणि हळूच सोडून मेणबत्ती विझवली. या वायूंनी ओझोनचा थर विरतो, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवले.

या दोन शोधांमुळे मिजलीला पृथ्वीचे सर्वाधिक नुकसान करणारा माणूस ठरवण्याची हल्ली पद्धत पडली आहे. त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. फ्रिऑनचा परिणाम १९२८ मध्ये जगात कुणालाही सांगता आला नसता. त्याने खरोखर त्या काळात घरातले मृत्यू टाळले. शिशाबद्दल तसे म्हणता येत नाही. तिथे आजार माहीत होता, इशारा देणारे डॉक्टर समोर बसले होते, दुसरा उपाय हाताशी होता. पहिल्यात दैव होते, दुसऱ्यात निवड होती, आणि ती एकट्या मिजलीची नव्हती.

१९४० मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी, मिजलीला पोलिओ झाला. कमरेखालचे शरीर गेले. इतक्या मोठ्या वयात इतका तीव्र पोलिओ क्वचितच होतो. लस यायला अजून पंधरा वर्षे होती. हा माणूस खचला नाही. पलंगावरून उठून चाकाच्या खुर्चीत जाता यावे म्हणून त्याने दोर आणि कप्प्यांची एक यंत्रणा स्वतः रचली. मानसन्मान येतच राहिले. १९४१ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीचे प्रीस्टली पदक मिळाले आणि १९४४ मध्ये तो त्या संस्थेचा अध्यक्ष होता. २ नोव्हेंबर १९४४ रोजी सकाळी ओहायोतल्या वर्दिंग्टन इथल्या घरी त्याच दोरांचा फास बसून तो मृतावस्थेत सापडला. वय पंचावन्न. तो अपघात की आत्महत्या, यावर आजही एकमत नाही.

त्याच्या पश्चात शिशाची चौकशी पुन्हा उघडली ती एका भूरसायनशास्त्रज्ञाने. क्लेअर पॅटरसन शिशाच्या साहाय्याने पृथ्वीचे वय मोजत होते. त्यांचे प्रत्येक मोजमाप बाहेरच्या शिशाने बिघडे. हे शिसे येते कुठून याचा माग काढत ते पेट्रोलपर्यंत पोहोचले आणि १९६५ मध्ये त्यांनी माणसाच्या अंगातले शिसे नैसर्गिक नसल्याचे मांडले. १९७९ मध्ये बालरोगतज्ज्ञ हर्बर्ट नीडलमन यांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून तपासले. ज्यांच्या दातांत शिसे जास्त, त्यांची बुद्धिमापन चाचणी आणि वर्गातले लक्ष दोन्ही कमी आढळले. यातल्या एकाही मुलाला कुणी आजारी म्हटले नव्हते. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत आणि वाढत्या मेंदूत जागा देते. त्यामुळे नुकसान होते ते गाजावाजा न करता, काही गुणांनी मागे पडलेल्या मुलाच्या रूपात.

अमेरिकेत शिशाचे पेट्रोल कमी होऊ लागले, तसे १९७६ ते १९८० या चार वर्षांत लोकांच्या रक्तातले सरासरी शिसे सुमारे ३७ टक्क्यांनी उतरले. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात इतका झटपट गुण क्वचितच आला असेल. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत शिसेमुक्त पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर सक्तीचे झाले. मुंबईतल्या मुलांच्या रक्ततपासण्यांतही त्यानंतर प्रमाण उतरलेले दिसले. तरी एक डेसिलिटर रक्तात दहा मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे असलेली मुले तेव्हाही थोडी नव्हती. आज जागतिक आरोग्य संघटना शिशाची कोणतीच पातळी सुरक्षित मानत नाही. उरलेले शिसे जुन्या बॅटऱ्या घरच्या अंगणात फोडून वितळवण्यातून, जुन्या रंगांतून, भेसळीच्या हळदीतून आणि शेंदरातून येते. ज्या घरात बॅटरीचे काम चालते, तिथल्या लहान मुलाला कारण न सापडणारा ॲनिमिया किंवा पोटदुखी असेल, तर डॉक्टरांना ते काम आवर्जून सांगावे.

शिसे गेल्यावर ठोक्याचे काय झाले? इंजिनवाल्यांनी तो इतर मार्गांनी आवरला. टर्बोमधून आलेली तापलेली हवा इंटरकूलरमधून थंड करून घेतली. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले, म्हणजे त्याच्या वाफेने आतच गारवा येतो. सेन्सरने ठिणगी मागे-पुढे केली. पण ठिणगी मागे ढकलली की धूर जास्त तापतो आणि तो थंड करायला काही इंजिने जादा पेट्रोल ओततात, मग वाचवलेले इंधन तिथेच जाते. म्हणून चांगल्या ऑक्टेनचे महत्त्व संपलेले नाही. त्यासाठी पेट्रोलमध्ये आता जे मिसळले जाते, ते आहे अल्कोहोल. भारतात पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्याचा कायदा १९४८ मध्येच झाला होता. वीस टक्के मिश्रणाचा टप्पा २०२५ मध्ये गाठला गेला. ॲव्हरेज थोडे घटते ही वाहनचालकांची तक्रार खरी आहे, कारण ऊर्जाच कमी असते. या इंधनासाठी जास्त दाबाचे टर्बो इंजिन बनवले तर त्यातला काही भाग भरून निघतो. मिजली १९२१ च्या ऑक्टोबरमध्ये अशाच गाडीतून इंडियानापोलिसला गेला होता.

रस्त्यावरच्या वाहनांसाठी शिशाचे पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जेरिया. तिथे ते जुलै २०२१ मध्ये थांबले. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांत ते अजूनही जळते, कारण उडताना इंजिन ठोकून चालत नाही. अमेरिकेने त्यासाठी २०३० अखेरची मुदत ठेवली आहे.